स्थूल अन्नाचा अधिकार

छांदोग्य उपनिषदात उद्दालक आरुणी श्वेतकेतूला सांगतो की, भक्षिलेल्या अन्नाच्या स्थूलतम भागाचे पुरीष, मध्यमाचे मांस आणि सूक्ष्मतमाचे मन होते. परंतु एवढ्यावरून स्थूलाला हिशेबातून बेदखल करण्याची जी सवय आपल्या चिंतनाला जडली, ती मला अन्यायाची वाटते. ज्वारीच्या भाकरीतला, चाळून न टाकलेला कोंडा मनुष्याच्या पाचकरसांना दाद देत नाही हे खरे. तथापि त्यातील काही अंश मोठ्या आतड्यातील जीवाणूंचे अन्न होतो, आणि त्यांनी निर्मिलेल्या आम्लांवर त्याच आतड्याच्या अस्तरातील पेशी आपला निर्वाह करतात. सडीक तांदळाच्या कोंड्याबरोबर तर थायामीन हे जीवनसत्त्वही जाते. जावा बेटात डच वैद्य आइकमन यांनी १८९० च्या दशकात अशा तांदळावर पोसलेल्या कोंबड्या लुळ्या पडताना पाहिल्या. श्रुतीने स्थूलाची गती सांगितली; त्याला निरर्थक ठरविले ते आपण.