पाच मिना

धन्यानं स्वतःच्या अडचणीपोटी गुलामाला मोकळं केलं, तर त्याचे उपकार मानायचे का? आणि उपकार मानायचे नसतील, तर ते मोकळं होणंच खोटं म्हणून लाथाडायचं का? मी हा प्रश्न हवेत विचारत नाही. इ.स.पू. तिसऱ्या शतकात स्पार्टात तो रोख पैशात मोजला गेला. भाव होता माणशी पाच मिना, म्हणजे चांदीचे ५०० द्राख्मा.

स्पार्टा म्हटलं की आपल्याला शाळेच्या पुस्तकातले लढवय्ये आठवतात. ते लढवय्ये खात कुणाचं होते? त्यांची शेतं हेलॉट कसत होते. पिढ्यान्‌पिढ्या जमिनीला जखडलेले. पिकवायचं आणि धन्याचा वाटा त्याच्या दारात नेऊन टाकायचा. स्पार्टाचे एफोर, म्हणजे दरसाल निवडलेले पाच अधिकारी, कारभार हाती घेताच हेलॉटांविरुद्ध रीतसर युद्ध पुकारत. ॲरिस्टॉटलच्या हवाल्यानं प्लूटार्क हे सांगतो. युद्ध कशाला? तर हेलॉट मारला तरी पाप लागू नये म्हणून. खून करायचा, आणि वर सोवळंही मोडू द्यायचं नाही!

थ्युसिडिडीसनं त्याआधीच्या काळातली एक गोष्ट लिहून ठेवलीय. लढाईत पराक्रम केलेल्या हेलॉटांनी पुढं यावं, त्यांना मोकळं करू, असं पुकारलं गेलं. २,००० निवडले. ते बिचारे डोक्यावर हार चढवून देवळांना फेऱ्या घालून आले. मग नाहीसे झाले. कोण कसा मेला, कुणाला कळलं नाही.

आता राजा तिसरा क्लिओमेनीस. याला क्रांतिकारक म्हणतात. स्पार्टात तोवर नागरिकांची जेमतेम ७०० घराणी उरली होती आणि जमीन त्यातल्या शंभरेकांच्या हाती गेली होती. आगिस राजानं कर्जं रद्द करून जमीन वाटायचं काढलं, तर इ.स.पू. २४१ मध्ये त्याला मारून टाकलं. क्लिओमेनीसनं इ.स.पू. २२७ मध्ये चार एफोर कापले, कर्जं रद्द केली, जमीन वाटली, ४,००० ची फौज उभी केली. समता आली म्हणे. पण वाटलेली जमीन नांगरणार कोण? हेलॉटच. समतेची पंगत मांडली ती त्याच्या पाठीवर. पंगतीत त्याला पान नव्हतं.

पुढं मॅसेडोनियाचा राजा अँटिगोनस डोसन चालून आला. पैसा कमी, माणसं कमी. तेव्हा क्लिओमेनीसला हेलॉट आठवला. पाच मिना भरा, मोकळे व्हा. ६,००० जणांनी भरले. ५०० टॅलेंट जमले. त्यातल्या २,००० जणांना मॅसेडोनियन धर्तीची हत्यारं दिली. इ.स.पू. २२२ मध्ये सेलासियाला लढाई झाली आणि क्लिओमेनीस हरला. ६,००० लॅसेडिमोनियन लढले त्यातले २०० वाचले, असं प्लूटार्क म्हणतो. त्यात कालचे हेलॉट किती, याचा वेगळा हिशेब त्यानं ठेवलेला नाही.

मग उपकार कसले? पैसा घेतला, रक्तही घेतलं. हा व्यवहार झाला.

पण पैसे भरणाऱ्यांना मी हसणार नाही. धन्याचा वाटा पोचवून जे उरलं त्यातून त्यांनी गाठीला बांधलेलं ते धन. ते मोजून माणूस ताठ उभा राहिला असेल, तर ते ताठ उभं राहणं शंभर टक्के खरं. खोटी आहे ती पावती. कारण पैसे घेताना धनी म्हणतो, तू माझा माल होतास, म्हणून तर मी तुला तुलाच विकतोय. एकाला विकलं तरी मालकीचा हक्क शाबूत. ज्याच्या गाडग्यात साडेचारच मिना होते, तो अर्ध्या मिन्यापायी गुलाम राहिला!

कुणी म्हणेल, काहीच न मिळण्यापेक्षा हे बरं. बरं खरंच. पण किती दिवस? पुढं इ.स.पू. २०७ ते १९२ नाबिसनं स्पार्टावर राज्य केलं आणि पुष्कळ गुलामांना मोकळं करून नागरिक केलं. पॉलिबियस त्याला जुलमी म्हणतो, त्याच्या माणसांना खुनी-दरोडेखोर म्हणतो. पॉलिबियस स्वतः मेगालोपोलिसच्या बड्या घरातला, नाबिसच्या वैऱ्यांच्या गोटातला. नाबिस संत होता असं माझं म्हणणं नाही. पण गुलाम नागरिक झाला की लिहिणाऱ्याला त्याच्यात दरोडेखोरच दिसावा, हेही लक्षात ठेवा.

इ.स.पू. १९६ मध्ये रोमन सेनापती फ्लमिनिनसनं इस्थमियाच्या खेळांत ग्रीकांचं स्वातंत्र्य जाहीर करवलं. लोकांनी जयघोष केला. स्वातंत्र्य शहरांचं होतं, शहरातल्या गुलामाचं नव्हतं. आणि इ.स.पू. १८८ मध्ये अकियन संघाचा सेनापती फिलोपोमेन स्पार्टात घुसला. नाबिससारख्यांनी केलेल्या नव्या नागरिकांना त्यानं शहराबाहेर काढलं. जे हलेनात असे ३,००० धरून विकले. त्या पैशातून मेगालोपोलिसमध्ये खांबांची ओसरी उभी केली.

म्हणून धनी दयाळू होता की लबाड, हे मी विचारत बसत नाही. मी एवढंच विचारतो, त्यानं माणसावरची मालकी सोडली का? स्पार्टात ती कुणीच सोडली नव्हती. म्हणून तर काल मोकळा झालेला माणूस परत बाजारात उभा करता आला. मेगालोपोलिसच्या त्या ओसरीच्या सावलीत कोण बसलं ते बसो, तिचे खांब माणसं विकून उभे राहिले होते.