पोर्टलंडच्या गल्लीतली मुलं

१९४८ साली पॅरिसमध्ये पिएर शेफर या रेडिओ अभियंत्याने रेल्वे इंजिनांचे आवाज तबकड्यांवर मुद्रित केले आणि ते उलटसुलट जुळवून एक रचना सिद्ध केली. त्याला खंत एकाच गोष्टीची होती: ऐकणाऱ्याला त्यात आगगाडी ओळखू येते. आवाज कशाचा, कुठला हे विसरून नुसता त्याचा पोत आणि चढउतार ऐकावा, हा आग्रह त्याने पुढे ग्रंथरूपाने मांडला.

विचार धाडसी होता, पण माणसाचा कान असा कोरा होत नाही. शिट्टी ऐकली की स्टेशन आठवतं आणि निरोप द्यायला आलेली माणसंही आठवतात.

शेफरच्याच वर्तुळातल्या ल्यूक फेरारीने ही अडचण उलटी करून पाहिली. युगोस्लाव्हियातल्या कोर्चुला बेटावर, वेला लुका या मासेमारीच्या गावात, त्याने १९६०च्या दशकाच्या अखेरीस पहाटेचे आवाज टिपले. होड्यांची इंजिनं, गाढवं, रातकिडे, लोकांची बोलणी. त्यांतून त्याने सुमारे वीस मिनिटांची एक पहाट घडवली आणि आपली कात्री शक्य तितकी लपवली. त्याच सुमारास कॅनडात मरी शेफर या दुसऱ्याच शेफरच्या गटाने व्हँकुव्हर शहराचे आवाज जपायला घेतले होते. १९७३ साली त्यांची ध्वनिमुद्रिकाही निघाली. आवाजाचं गाव कोणतं, हे आता लपवायचं उरलं नाही.

पण त्या गावाची ओढ संगीतात कशी आणायची? याचं उत्तर सापडतं ते अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात, पोर्टलंडमध्ये. अर्नेस्ट हूड हा तिथला जॅझ गिटारवादक. पोलिओने त्याच्या आयुष्यात चाकांची खुर्ची आली, गिटार मागे पडली आणि झिदर हे अनेक तारांचं, लोकसंगीतातलं वाद्य त्याने जवळ केलं. वर्षानुवर्षं तो वस्तीतले आवाज टिपत राहिला होता: खेळणारी मुलं, पाखरं, रातकिडे, जाणाऱ्या मोटारी. त्यांवर झिदर आणि सिंथेसायझरचे सूर चढवून १९७५ साली त्याने ‘नेबरहुड्स’ ही तबकडी स्वतःच काढली.

हूडची नजर फार मायेची आहे. मुलांच्या आरड्याओरड्यावर तो सुरावट लादत नाही. सूर थोडा मागून चालतो, मध्येच थांबतो, एखाद्या हाकेला वाट करून देतो. त्यामुळे हा अल्बम ऐकताना समोर चित्र उभं राहतं, आणि ते ऐकणाऱ्याच्या स्वतःच्या गल्लीचं असतं. पिएर शेफरला जी ओळख नको होती, तीच इथे रचनेचा कणा झाली आहे.

आणि तरीही काहीतरी अंगावर येतं. हे कातरपण हूडने मुद्दाम घातलेलं वाटत नाही. ते काळाने घातलं. ‘फ्रीडम टू स्पेंड’ या लेबलने २०१९मध्ये अल्बम पुन्हा काढला, तेव्हा मूळ प्रकाशनाला ४४ वर्षं झाली होती. त्या अंगणात ओरडणारी मुलं तोवर उतारवयाला लागली असणार. खुद्द हूड १९९१मध्येच गेला होता. मुलं मात्र पळतच आहेत, आणि संध्याकाळ झाली तरी त्यांना घरी बोलावणारं कुणी नाही, असं वाटत राहतं.

पुनःप्रकाशनाआधीच या भावनेवर बरंच लिहून झालं होतं. २००५-०६च्या सुमारास मार्क फिशर आणि सायमन रेनल्ड्स हे ब्रिटिश समीक्षक जुन्या टेप, शैक्षणिक चित्रपट आणि रेडिओच्या धुनांतून घडलेल्या भुताटकीच्या संगीताकडे गांभीर्याने पाहू लागले. न आलेल्या भविष्याचा शोक त्यांना त्यात ऐकू येई. हूडला मात्र ती चौकट अपुरी पडते. त्याचं दुःख एखाद्या हुकलेल्या युगाचं नाही. त्याची ओढ एका साध्या दुपारची आहे, आणि ती दुपार कुणाच्याही वाट्याला आलेली असू शकते. म्हणूनच पोर्टलंड कधी न पाहिलेला माणूसही तिथे रमतो.

२०२२मध्ये त्याचं ‘बॅक टू द वुडलँड्स’ हे अप्रकाशित राहिलेलं कामही बाहेर आलं. त्यात वस्ती सोडून तो रानाकडे वळला आहे. तिथे पाणी आणि पाखरं जास्त आहेत, पण ऐकणारा पुन्हा गल्लीतल्या मुलांकडेच परततो.