दूर कोण?

मुंबईहून लंडन जितकं दूर, तितकीच लंडनहून मुंबई, असं भूगोलाचे मास्तर सांगतात. हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. कुठल्याही टोकानं मोजा. पण विमान मास्तरांना जुमानत नाही. जाताना दहाएक तास घेतं, येताना साधारण तासभर कमी! कारण दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. जाणाऱ्याच्या ते तोंडावर येतात, येणाऱ्याला पाठीमागून ढकलतात.

आता नीतीचा प्रश्न असा, की भेटायला कुणी जायचं? माझ्या मते, वारा ज्याला अनुकूल त्यानं. म्हणजे लंडनच्या चिरंजीवांनी यावं, ठाण्याच्या आईबापांनी चकल्या तळून ठेवाव्यात. हा सिद्धान्त मी फोनवर ऐकवला. चिरंजीव म्हणाले, ‘‘बाबा, परत जाताना वारा माझ्याही तोंडावरच येतो.’’ पोरगा इंजिनिअर केला की असं होतं!

हिनं आमचं दोघांचं शास्त्र बाजूला सारलं. म्हणाली, ‘‘तास कसले मोजताय? रजा किती दिवस ते विचारा.’’

खरंच आहे. बोटीनं आठवडेच्या आठवडे लागत, तेव्हा न येणाऱ्याला समुद्राची सबब होती. विमानानं ती काढून घेतली. आता अंतर उरलंय ते ‘बघू पुढच्या वर्षी’ एवढ्या तीन शब्दांत. ते शब्द कुठल्याही वाऱ्याला दाद देत नाहीत. आणि ठाणे ते दादर या पंचवीस किलोमीटरांनाही छान पुरतात.