हिरवा रंग नेमका कुणाचा?

खनिजांच्या मान्यताप्राप्त यादीत आज सहा हजारांच्या आसपास नावं आहेत. पाचूला तिथे स्वतंत्र जागा नाही. त्याची नोंद बेरिल या खनिजाचा एक प्रकार एवढीच. नवरत्नांतला मानकरी खनिजशास्त्रात दुसऱ्याच्या घरात राहतो, आणि मला ते योग्य वाटतं. कोणता दगड मौल्यवान हे माणूस ठरवतो. खनिज ठरतं ते त्याच्या घटकांवर आणि अणूंच्या मांडणीवर.

शुद्ध बेरिलला रंगच नसतो. बेरिलियम, अ‍ॅल्युमिनियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांची ती षटकोनी बांधणी. तिच्यात थोडं लोह शिरलं की निळसर अ‍ॅक्वामरीन होतो, मँगनीज शिरलं की गुलाबी मॉर्गनाइट. अ‍ॅल्युमिनियमच्या काही जागा क्रोमियमने किंवा व्हॅनेडियमने बळकावल्या, की पाचू. म्हणजे ज्या हिरव्यासाठी राजांनी खजिने रिकामे केले, तो भेसळीचा रंग आहे.

मग तो क्रोमियमचा म्हणावा, तर तेही खरं नाही. हेच क्रोमियम कुरुंद या खनिजात गेलं की माणिक लालभडक होतं. कुरुंदात क्रोमियमवर आजूबाजूच्या अणूंचा विद्युत प्रभाव जास्त असतो, त्यामुळे ते प्रकाशातला वेगळा भाग शोषतं. बेरिलमधल्या शेजाराचा प्रभाव जरा कमी असतो. रंग ना घराचा, ना पाहुण्याचा. तो दोघांच्या शेजारातून जन्मतो.

ही गोष्ट उलगडण्यात व्होक्लँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाचा मोठा हात आहे. सायबेरियातून आलेल्या लाल शिशाच्या खनिजात त्याला 1797 मध्ये क्रोमियम सापडलं. पाचू आणि बेरिल यांच्या स्फटिकांचा आकार सारखाच आहे, हे आउई या स्फटिकशास्त्रज्ञाच्या ध्यानात आलं होतं. त्याच्या सांगण्यावरून व्होक्लँने दोन्हींचं पृथक्करण केलं आणि 1798 मध्ये त्याला बेरिलियमचाही शोध लागला. पाचूचं घर आणि त्याला रंगवणारा पाहुणा, दोन्ही एकाच माणसाच्या हाती लागले.

या दोघांची गाठ पडणंच मुळात अवघड. बेरिलियम ग्रॅनाइटच्या शेवटच्या रसात साठतं, क्रोमियम पृथ्वीच्या खोल भागातून आलेल्या काळ्या, जड खडकांत. राजस्थानात असे दोन खडक एकमेकांना भिडले आणि पाचू झाला. कोलंबियात तो वेगळ्याच वाटेने आला. तिथे खारट, उष्ण पाणी काळ्या शेलच्या भेगांतून फिरलं. तिथल्या पाचूत भिंगाखाली कधी कधी एक चिमुकली पोकळी दिसते. तिच्यात थोडं पाणी, त्यात वायूचा बुडबुडा आणि मिठाचा एक घनाकार कण. बाजार याला दोष म्हणतो आणि भेगा झाकायला पाचूला तेल पाजतो. माझ्या लेखी मात्र त्या दगडातली सर्वांत मोलाची गोष्ट तो मिठाचा कण आहे. पाचू कशातून वाढला याचा पुरावा दुसऱ्या कुठे इतका स्वच्छ राहिलेला नाही.

आणि हिरवा रंग काही पाचूपुरता नाही. पुण्याच्या आसपासच्या बेसाल्टमधल्या पोकळ्यांत अपोफिलाइट मिळतं. बहुतेक पांढरं किंवा पारदर्शक, क्वचित हिरवंगार. त्या हिरव्यामागेही व्हॅनेडियमच आहे. वाघोलीच्या खाणींतलं झगझगीत निळं कॅव्हन्साइट तर व्हॅनेडियमचंच खनिज. पाचूला रंगवणारं एक मूलद्रव्य असं आपल्या काळ्या कातळातही कामाला लागलेलं आहे.

अपोफिलाइट पाचूपेक्षा बरंच मऊ, शिवाय एका पातळीत सहज दुभंगतं. अंगठीत ते टिकणार नाही, म्हणून सोनाराला त्याचं काही नाही. पण सोनाराला नको म्हणून ते कमी प्रतीचं ठरत नाही. खाणीत सुरुंग लागला की अशा पोकळ्या उघड्या पडतात. कुणी जाणत्याने वेळीच पाहिल्या, तर स्फटिक संग्रहालयात जातात. नाहीतर आजूबाजूच्या दगडाबरोबर क्रशरमध्ये जातात आणि खडी होऊन रस्त्यावर पडतात.