युक्ताहार आणि देहदंड

स्थूलपणा कमी व्हावा म्हणून कित्येक माणसे एकाएकी अन्न तोडतात. रात्रीचे जेवण बंद, भात बंद, भाकरी बंद. पंधरा दिवस हा क्रम चालतो आणि सोळाव्या दिवशी मनुष्य ताटावर तुटून पडतो. मग घरचीच माणसे म्हणतात, "याच्या मनाला निग्रह म्हणून नाही." हा दोष खरोखर मनाचा आहे काय?

१९४४-४५ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ तरुणांवर एक प्रयोग केला. शस्त्र धरावयाचे नाही, या विवेकाने युद्धास नकार दिलेले हे तरुण होते. उपासमारीने गांजलेल्या लोकांना पुन्हा सावरावे कसे, हे कळावे म्हणून ते आपखुशीने पुढे आले. २४ आठवडे त्यांचे अन्न जवळजवळ निम्म्यावर आणले गेले व सुमारे चतुर्थांश वजन घटले. पुढे काय झाले? ते चिडखोर व उदास झाले. पाककृतींची पुस्तके जमवू लागले. स्वप्नातही अन्नच पाहू लागले. प्रयोग संपल्यावर पोटभर जेवूनही कित्येकांची भूक शमेना. तत्त्वासाठी जनापवाद सोसणाऱ्या या पुरुषांना दुर्बळ मनाचे कोण म्हणेल?

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात, इंद्रिये आवरून मनाने विषयांचे चिंतन करणाऱ्यास मिथ्याचारी म्हटले आहे. हे वचन भुकेल्या माणसावर फेकणे मला अन्यायाचे वाटते. तेथे ढोंगाचा निषेध आहे; येथे तर देहच आपल्या रक्षणासाठी आक्रोश करीत असतो. सहाव्या अध्यायाने अति खाणारा व मुळीच न खाणारा, या दोघांनाही योगापासून सारखेच दूर ठेवले आहे, आणि आहाराच्या जोडीला विहार, कर्म, निद्रा व जागृती यांचेही माप सांगितले आहे. अपुऱ्या झोपेने भूक वाढते, हे आज वैद्यकही सांगते.

तेव्हा माप हळूहळू बदलावे. दोन भाकरींऐवजी दीड, तिच्यासोबत उसळ व पालेभाजी अधिक. चहातील साखर क्रमाने कमी. जेवणानंतर थोडे चालणे. आठवड्यास अर्धा किलो उतरला तरी पुष्कळ झाले. घाईने उतरविलेल्या वजनाबरोबर स्नायूही झिजतात, पित्ताशयात खडे होण्याचा संभव वाढतो. मधुमेहाचे औषध घेणाऱ्याने तर वैद्याला विचारल्यावाचून जेवण चुकवूच नये. (एकादशीचा आधार कोणी घेऊ नये. साबुदाणा म्हणजे बहुतेक निव्वळ पिष्ट. त्यात तूप, बटाटा व शेंगदाण्याचे कूट पडले की रोजचे जेवण बरे म्हणण्याची पाळी येते.)

याहून अवघड गोष्ट घरात आहे. "आता पुरे" म्हणणाऱ्याच्या पानावर आग्रहाने आणखी एक पोळी वाढणारे आणि पुढे त्याच्याच पोटाकडे पाहून हसणारे, पुष्कळदा एकाच पंगतीत बसलेले असतात.