युद्धावर जाणारी बायको

मार्था गेलहॉर्न नावाची एक बाई होती. कुठं युद्ध पेटलं की ती तिकडं जायची आणि तिथल्या माणसांबद्दल लिहायची. सेनापती काय म्हणतो यापेक्षा पावाच्या रांगेत उभ्या असलेल्या आईकडं तिचं लक्ष अधिक.

१९३७ साली ती स्पेनमध्ये होती. माद्रिदवर तोफा चालल्या होत्या. हॉटेल फ्लोरिडात वार्ताहर उतरत, तिथं अर्नेस्ट हेमिंग्वेही होता. तो तेव्हाच मोठा लेखक होता आणि त्याची बायको दूर घरी होती, हेही सांगायला हवं. गोळे पडत असताना ही मुलगी न डगमगता बाहेर पडते, याचं त्याला फार कौतुक वाटलं. दोघांचा जीव जडला. १९४० मध्ये त्यानं आपली ‘फॉर हूम द बेल टोल्स’ ही कादंबरी तिला अर्पण केली. त्याच वर्षी दोघांनी लग्न केलं.

घर क्यूबात होतं, हवानाजवळच्या टेकडीवर. ते मार्थानंच शोधलं होतं. पडझड झालेलं होतं, ते दुरुस्त करून घेतलं तेही तिनंच. तिथं झाडं होती, मांजरं होती, लिहायला निवांतपणा होता. दुसऱ्या महायुद्धात तो समुद्रावर बोट घेऊन जर्मन पाणबुड्या शोधायचा.

पण युरोप जळत होता. १९४३ मध्ये ‘कोलियर्स’ मासिकासाठी ती निघाली. तूही चल, असं तिनं त्याला परोपरीनं विनवलं. तो काही उठला नाही. मागं एकटा राहिला आणि कुढू लागला. तू वार्ताहर आहेस की माझी बायको, अशा अर्थाची त्याची तार तिला गेली.

ती परत आली तेव्हा घरात रोज भांडण. मग एकदाचा तोही युद्धावर जायला तयार झाला. आपलं नाव त्यानं एका मासिकाला देऊ केलं. मासिकं पुष्कळ होती, नाव कुठंही चाललं असतं. त्यानं निवडलं ते ‘कोलियर्स’. मासिकाचा मुख्य वार्ताहर आता तो झाला.

तो विमानानं लंडनला गेला. तिला मिळालं मालवाहू जहाज, पोटात सुरुंगाची दारू भरलेलं. अटलांटिक ओलांडायला पंधरवड्याहून जास्त लागला. पोचली तर नवरा इस्पितळात. मोटार अपघातात डोक्याला मार बसलेला, भोवती मित्रांचा गराडा आणि दारूच्या बाटल्या. तिनं ते पाहिलं आणि मनातला हिशेब मिटवला.

६ जून १९४४ ला दोस्तांच्या फौजा नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरल्या. बायकांना आघाडीवर परवानगीच नव्हती. मार्था बंदरावर गेली. पहाऱ्यावरच्या शिपायाला म्हणाली, परिचारिकांच्या मुलाखती घ्यायच्यात. पांढऱ्या रंगाचं, लाल क्रॉस काढलेलं एक इस्पितळ-जहाज उभं होतं. ती आत शिरली आणि संडासात कडी लावून बसली. जहाज सुटलं.

फ्रान्सचा किनारा आला आणि जखमी येऊ लागले. मग तिनं वही बाजूला ठेवली. कुणाला पाणी दिलं, कुणाची सिगारेट पेटवून धरली. एकाचं सगळं तोंड पट्ट्यांनी बांधलेलं होतं, त्याला किटलीच्या तोटीनं कॉफी पाजावी लागली, घोट घोट, खूप वेळ. जखमी जर्मन कैदी काय मागतात, ते ती डॉक्टरांना सांगायची. रात्री स्ट्रेचरवाल्यांबरोबर ती कमरेएवढ्या पाण्यातून किनाऱ्यावर गेली. सुरुंग काढलेल्या वाटेच्या कडेला पांढरी फीत लावली होती. त्या फितीच्या आत पावलं टाकत तिनं जखमी गोळा करायला मदत केली.

हेमिंग्वे ६ जूनला सैनिकांच्या होडीतून किनाऱ्याजवळ जाऊन आला. त्याला उतरू दिलं नाही.

लंडनला परतल्यावर तिला पकडलं आणि परिचारिकांच्या छावणीत पाठवलं. तिनं कुंपण ओलांडलं, एका वैमानिकाला गळ घातली आणि इटलीची आघाडी गाठली. १९४५ मध्ये घटस्फोट झाला.

तोफांखाली न डगमगणाऱ्या ज्या मुलीवर हेमिंग्वेचं प्रेम बसलं होतं, तीच पुढं त्याला घरात बसलेली हवी होती. युद्ध आणि संसार दोन्ही तिनं साधलं असंही नाही. पुढं आणखी एक संसार मांडला, तोही मोडला. त्याची किंमत तिनं मोजली आणि ती कुणाच्या नावावर टाकली नाही. तिच्याकडं मुलाखतीला येणाऱ्यांनी हेमिंग्वेचं नाव काढायचं नाही, एवढी अट मात्र असायची.

१९८९ च्या डिसेंबरात अमेरिकेनं पनामात सैन्य घुसवलं. मार्था तेव्हा ८१ वर्षांची होती. थोड्याच दिवसांत ती तिथं पोचली आणि घर गेलेल्या लोकांना गाठून विचारू लागली. नंतर बॉस्निया पेटला. युद्धाला चपळ अंग लागतं, ते आता उरलं नाही, असं म्हणून त्या वेळी ती घरी थांबली.