वाढीतली घट

बंगळुरूत थंडी कितीही पडली तरी बर्फ पडत नाही. या शहराची तहान भागवणारी कावेरी पावसावर वाहते. तरी हिमालयातल्या बर्फाचा एक महत्त्वाचा हिशेब छापला गेला तो इथेच, ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात, २००७ साली. हिमनद्यांचे अभ्यासक अनिल कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिनाब, पार्वती आणि बास्पा खोऱ्यांतल्या ४६६ हिमनद्या तपासल्या होत्या. जुने, १९६२ चे नकाशे आणि उपग्रहांची नवी चित्रे ताडून पाहिली, तेव्हा २,०७७ चौरस किलोमीटरचे क्षेत्र १,६२८ वर आलेले दिसले. चाळीसेक वर्षांत पाचव्या हिश्श्याहून जास्त गेले.

मला अस्वस्थ करते ती त्याच लेखातली दुसरी नोंद. हिमनद्यांची संख्या मात्र वाढली होती! मोठी हिमनदी आक्रसली की तिच्या शाखा सुट्या पडतात आणि वेगळ्या मोजाव्या लागतात. वाटण्या झाल्या की सातबारे वाढतात, शेत वाढत नाही. शिवाय लहान तुकड्याला ऊन लवकर संपवते : मोठ्या हिमनद्यांचे क्षेत्र १२ टक्के घटले, तर एक चौरस किलोमीटरहून लहान असलेल्यांचे ३८ टक्के.

ही फसवी वाढ आणखी रूपांतही दिसते. याच चिनाबच्या खोऱ्यात गेपांग गाथ नावाचे हिमतळे आहे. इस्रोने २०२४ मध्ये दिलेल्या माहितीनुसार ते १९८९ मध्ये सुमारे ३६ हेक्टर होते, २०२२ पर्यंत १०१ झाले. पाणी वाढले, कारण वरचा बर्फ पाणी झाला. आणि असे तळे फुटले तर खालच्या गावांवर संकट येते. तिकडे उत्तर ध्रुवाकडेही बर्फ वितळून उघडा समुद्र वाढतो आहे. पांढरा बर्फ जे ऊन परतवत होता, ते आता काळे पाणी शोषून घेते आणि उरलेला बर्फही वितळवते.

हिमनदी वितळू लागली की खालच्या नदीला काही वर्षे जास्तच पाणी येते. काठावरच्या माणसाला तोटा कळतच नाही. कळतो तो ओघ उतरू लागल्यावर, आणि तोवर बर्फ गेलेला असतो.

पुण्या-मुंबईची कितीतरी मुले पार्वतीच्या खोऱ्यात भटकायला जातात. तुमच्या घरचे कुणी जाऊन आले आणि नदी कशी भरभरून वाहत होती हे सांगू लागले, तर वर बर्फ किती उरला आहे, हेही त्यांना विचारा.